अंगणातली माती आणि हातांवरचा मळ

संध्याकाळचा वर्ग सुटला. तेवढ्यात एक आजी आमच्याकडे आल्या. बरोबर त्यांची सून होती. सुनेच्या कडेवर दहा महिन्यांचे बाळ होते.

आजी म्हणाल्या, "आता तुम्हीच काय ते सांगा. ही माझ्या नातवाला भुईवर सोडत नाही. गोठ्याकडं नेऊ देत नाही. घडीघडी त्याचे हात पुसते. आमची पोरं मातीत लोळून मोठी झाली. त्यांना कधी वावडं ठाऊक नव्हतं. आता शहरात बघावं तर एकेका पोराला धुळीचं वावडं, फुलांचं वावडं, दुधाचं वावडं!"

सून म्हणाली, "आणि सोडलं मातीत, लागले बाळाला जुलाब, तर मग कोणी धावायचं?"

दोघी आमच्याकडे पाहू लागल्या. आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण दोघींच्याही बोलण्यात खरे होते. हाच प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडलेला आहे. त्याचा शोध त्यांनी कसा घेतला आणि त्यातून आपण काय घ्यावे, ते या पाठात पाहू.

वावडे म्हणजे काय?

कोणी वांग्याची भाजी खाल्ली की त्याच्या ओठांना खाज सुटते. कोणी मासळी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. कोणी गवताच्या फुलोऱ्यात गेला की शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात. कोणाला धुळीने धाप लागते. शेजारचा माणूस तेच खातो, तीच हवा घेतो. त्याला मात्र काही होत नाही. याला आपण वावडे म्हणतो. डॉक्टर त्याला अॅलर्जी म्हणतात.

हे कसे होते? एक साधा दाखला घेऊ.

शेतावर राखणीला कुत्रा असतो. पिल्लू असताना तो सगळीकडे हिंडतो. घरची माणसे, गडी, गुरे, वाटसरू, सगळ्यांचा वास त्याच्या ओळखीचा होतो. मोठा झाल्यावर तो चोरावर तुटून पडतो. पण दूध न्यायला आलेल्या माणसाला काही करत नाही. आता दुसरे एक पिल्लू घ्या. ते जन्मापासून खोलीत कोंडून ठेवले. त्याने कोणाला पाहिलेच नाही. मोठे झाल्यावर ते पोस्टमनला चावते, पाहुण्याला चावते, पान हलले तरी भुंकते. हा कुत्रा दुबळा नाही. त्याला ओळख नाही, एवढेच.

आपल्या शरीरातही असे राखणदार आहेत. ते अगदी बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. रक्तात, नाकात, फुप्फुसात, आतड्यात ते पहारा करतात. रोगाचे जंतू आत शिरले की ते त्यांच्यावर तुटून पडतात. या बळाला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. या राखणदारांत काही हल्ला करणारे असतात. काही आवरणारे असतात. "गप रे, हा आपलाच माणूस आहे," असे जणू ते सांगतात.

वावडे असलेल्या माणसाचे राखणदार चुकतात. फुलाचा पराग म्हणजे काही चोर नव्हे. पण ते त्याला चोर समजतात. मग शरीरात हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते. नाक वाहू लागते. कातडीवर गांधी उठतात. फुप्फुसातल्या हवेच्या नळ्या आवळल्या की धाप लागते. दम्याच्या बऱ्याच रोग्यांमध्ये असेच घडते. कधी कधी घसा सुजतो, माणूस बेशुद्ध पडतो. तसे झाले तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

वरच्या वर्गातला आजार

जॉन बोस्टॉक हे लंडनमधले डॉक्टर. त्यांना दर उन्हाळ्यात शिंका येत, डोळे सुजत, छाती भरून येई. लहानपणापासून हा त्रास होता. १८१९ साली त्यांनी आपल्या या दुखण्याची हकिकत डॉक्टरांच्या सभेपुढे ठेवली. मग तसे आणखी रोगी ते शोधू लागले. १८२८ पर्यंत त्यांना सगळे मिळून अवघे २८ सापडले. ते सारे खात्यापित्या घरचे होते. गरिबांत त्यांना असा रोगी आढळला नाही.

पुढे मँचेस्टर शहरात चार्ल्स ब्लॅक्ली नावाचे डॉक्टर झाले. या शिंका परागामुळे येतात, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवले. १८७३ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले. परागात सगळ्यांत जास्त वावरतो तो शेतकरी. पण हा आजार शेतकऱ्याला क्वचितच होतो. असे का? त्या वेळी याचे उत्तर मिळाले नाही.

मोठ्या भावंडांचा उपकार

त्यानंतर शंभर वर्षे गेली. इंग्लंडात वावडे आता घरोघर दिसू लागले होते. डेव्हिड स्ट्रॅकन नावाच्या डॉक्टरांनी एक मोठी यादी तपासायला घेतली. १९५८ सालच्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७,००० हून अधिक मुलांची ती यादी होती. ही मुले २३ वर्षांची होईपर्यंत त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली होती.

त्यात एक गंमत दिसली. ज्या मुलाला मोठी भावंडे जास्त, त्याला परागाचे वावडे कमी. एकुलत्या एक मुलाला आणि पहिल्या मुलाला ते जास्त. १९८९ साली स्ट्रॅकन यांनी याचे एक कारण सुचवले. मोठी भावंडे बाहेरून जंतू घरी आणतात. धाकट्याला ते लहानपणीच भेटतात. आता घरे लहान झाली, मुले कमी झाली, स्वच्छता वाढली. म्हणून ही भेट होत नाही, असे त्यांना वाटले.

त्याच सुमारास जर्मनीत दुसरी गोष्ट घडली. त्या देशाचे दोन तुकडे झाले होते. १९९० साली ते एक झाले. पूर्वेकडच्या शहरांत कोळशाचा धूर फार होता. तिथे दमा जास्त असणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. एरिका फॉन मुटियस या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन्हीकडची मुले तपासली. पूर्वेकडच्या मुलांना खोकला जास्त होता, हे खरे. पण परागाचे वावडे आणि दमा पश्चिमेच्या स्वच्छ, श्रीमंत म्युनिक शहरातच जास्त निघाला. अंदाज उलटा ठरला.

गोठ्याजवळची मुले

मग डॉक्टर खेड्यांकडे वळले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या देशांत डोंगराळ मुलूख आहे. तिथले शेतकरी गाई पाळतात. गोठा घराला लागून असतो. एकाच गावात काही घरे शेतकऱ्यांची, काही दुसऱ्या धंद्याची. हवा तीच, पाणी तेच, शाळा तीच. तरी गोठ्यातल्या मुलांना दमा आणि वावडे कमी होते.

२००१ साली या शोधाची माहिती छापून आली. त्यात ८१२ मुले तपासली होती. काही मुलांचा गोठ्याशी आणि घरच्या दुधाशी संबंध पहिल्या वर्षातच आला होता. त्यांच्यात दमा शंभरात एकाला. काहींचा तो एक ते पाच वर्षांच्या दरम्यान आला होता. त्यांच्यात शंभरात अकरा जणांना. म्हणजे राखणदाराची शाळा फार लवकर भरते. पाळण्यातच भरते, म्हणा ना! आई गरोदरपणी गोठ्यात काम करत असेल तर त्याचाही गुण मुलाला येतो, असे दिसले.

दोन वस्त्यांची धूळ

याहून नवलाची गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे आमिश नावाचे लोक आहेत. दुसरे हटराइट नावाचे आहेत. दोघांचेही पूर्वज युरोपातल्या त्याच डोंगराळ मुलखाकडचे. दोघेही शेती करतात. दोघांच्याही घरी मुले पुष्कळ. आया मुलांना बराच काळ अंगावर पाजतात. रक्त जवळचे, रीतभात जवळची.

फरक एकच. आमिश लोक अजून जुन्या पद्धतीने शेती करतात. नांगराला घोडा, गाडीला घोडा. दुभती जनावरे घराजवळ. मुले गोठ्यात खेळतात. हटराइट लोकांची शेती मोठी आणि सामाईक आहे. ती यंत्रांनी चालते. गोठे घरांपासून दूर. लहान मुले तिकडे फिरकत नाहीत.

आता दमा पाहा. आमिश मुलांत शंभरात सुमारे ५. हटराइट मुलांत शंभरात सुमारे २१.

डॉक्टरांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंच्या शरीराचे बारीक कण जवळजवळ सातपट होते. मग ती धूळ उंदरांच्या नाकात घातली. या उंदरांना दमा होईल अशी तजवीज आधी केलेली होती. आमिश धुळीने त्यांचा दमा आवरला गेला. हटराइट धुळीने आवरला नाही. हा शोध २०१६ साली छापून आला. ब्लॅक्ली यांच्या प्रश्नाचे उत्तर असे दीडशे वर्षांनी हाती येऊ लागले.

मग घाण चांगली का?

इथवर ऐकल्यावर आजी खूश झाल्या. सुनेकडे बघून म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"

तेव्हा आम्ही आजींना विचारले, "आजी, तुम्हाला मुलं किती झाली?"

"सात."

"आणि हयात किती?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच. दोन जुलाबानं गेली. एक आठ महिन्यांचा होता. एक दीड वर्षाची."

वर्गात कोणी बोलले नाही.

मंडळी, हीच खरी गोम आहे. जी मुले जगली, ती मातीत लोळून धट्टीकट्टी झालेली आपल्याला दिसतात. जी गेली, ती दिसत नाहीत. म्हणून जुने ते सगळे चांगले असे वाटते. वावड्याने नाक गळते, गांधी उठतात, दमा होतो. तो त्रास लहान नाही. पण जुलाबाने लहान मूल दोन दिवसांत हातचे जाते. एक टाळायला जाऊन दुसरे घरात घेऊ नये.

घाण सगळी सारखी नसते. हे आपण नीट समजून घेऊ.

एक आहे अंगणातली माती, झाडपाला, गोठ्याची हवा, गाईवासरांची अंगलट. यातले बहुतेक जंतू माणसाच्या फार जुन्या ओळखीचे आहेत. माणूस शेती करू लागला त्याच्याही आधीपासून ते त्याच्याबरोबर आहेत. ग्रॅहॅम रूक नावाच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली त्यांना 'जुने मित्र' असे म्हटले. आपल्या राखणदारांना शिकवतात ते हे.

दुसरी घाण आहे माणसाच्या विष्ठेची. पटकी, विषमज्वर, कावीळ, जुलाब, पोलिओ हे रोग या वाटेने पसरतात. हे मित्र नव्हेत. हे दरोडेखोर आहेत. यांच्याकडून राखणदार शहाणपण शिकत नाही. तो जखमी मात्र होतो. गोवर किंवा जुलाब होऊन गेले म्हणजे मूल वावड्यापासून वाचते, असे नाही. स्ट्रॅकन यांना आजारांचा उपयोग होत असावा असे वाटले होते. पुढच्या शोधांत ते टिकले नाही. उपयोग होतो तो निरुपद्रवी जंतूंचा.

नुसत्या घाणीने दमा टळत असता, तर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत दमा नसता. तिथे तो उलट जास्त आहे. कोंदट खोल्या, झुरळे, गाड्यांचा धूर. या घाणीत गुण नाही.

हात धुण्याचा महिमा

१८४७ सालची गोष्ट. व्हिएन्नाच्या एका मोठ्या बाळंतपणाच्या दवाखान्यात बाळंतिणी तापाने मरत. एप्रिल महिन्यात शंभरात १८ गेल्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की शिकाऊ डॉक्टर प्रेते तपासतात आणि तसेच येऊन बाळंतिणींना हात लावतात. त्यांनी नियम केला. क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी खाटेजवळ जायचे नाही. जून महिन्यात शंभरात सुमारे २ गेल्या. दोन महिन्यांत एवढा फरक!

आजही तेच खरे. साबणाने हात धुण्याची सवय लागली की जुलाब सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. हा मोठा लाभ आहे. आणि त्यासाठी महागाचा साबण लागत नाही. 'जंतू मारणारा' अशी जाहिरात करून पुष्कळ साबण विकले जातात. अमेरिकेच्या सरकारने २०१६ साली अशा साबणांतली १९ द्रव्ये बंद केली. साध्या साबणापेक्षा ती जास्त गुणकारी आहेत, असे कंपन्यांना दाखवता आले नव्हते. तेव्हा जास्तीचे पैसे वाचवा. साधा साबण आणि पाणी पुरे.

आता कोणी विचारील, हात धुतले तर जुने मित्रही मरतील की! तशी भीती नको. ते मित्र हवेतून, अंगणातून, गुरांच्या संगतीतून, आईच्या कुशीतून दिवसभर भेटत असतात. हात धुवायचे ते नेमक्या वेळी. सारा दिवस नव्हे.

हे ध्यानात ठेवा

१. शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि बाळाला भरवण्याआधी हात साबणाने धुवा. यात सूट नाही.

२. बाळाला अंगणात खेळू द्या. गोठ्याजवळ न्या. वासराला हात लावू द्या. पण शेण, कोंबडीची विष्ठा तोंडात जाऊ देऊ नका. परत आल्यावर खाण्याआधी त्याचे हात धुवा.

३. जिथे कोणी शौचाला बसते ती माती मुलांना खेळायला नको. त्या मातीतून जंत होतात. काही जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. संडास वापरा. शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलांना जरूर द्या.

४. जखमेवर माती किंवा शेण लावू नका. बाळाच्या नाळेवर तर मुळीच नको. त्यातून धनुर्वात होतो.

५. दूध उकळूनच द्या. युरोपातल्या मुलांनी गोठ्यातले दूध प्यायले म्हणून आपण कच्चे दूध पिऊ नये. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि तापाचे जंतू येऊ शकतात.

६. लशी वेळेवर टोचून घ्या. लशीने वावडे वाढत नाही. चोराचे चित्र दाखवून राखणदाराला आधीच सावध करणे, म्हणजे लस.

७. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या. साध्या सर्दीला अँटिबायोटिक औषध मागू नका. सर्दी त्याने बरी होत नाही. आतड्यातले चांगले जंतू मात्र त्याने मरतात.

८. ज्याला दमा आहे त्याने मळणीच्या धुळीत आणि चुलीच्या धुरात जाऊ नये. धूळ शिकवते ती लहानपणी. दमा जडल्यावर तीच धूळ त्रास देते. डॉक्टरांनी दिलेले ओढायचे औषध नियमाने घ्यावे. त्याची सवय लागते, ही समजूत चुकीची आहे.

हे सगळे करूनही एखाद्या मुलाला वावडे होतेच. काही घराण्यांत ते चालत आलेले असते. तेव्हा आईला दोष देऊ नये. तिने मातीत सोडले नाही म्हणून झाले, किंवा सोडले म्हणून झाले, असे बोलून काही साधत नाही. मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

पुढच्या आठवड्यात आम्ही आजींच्या घरावरून जात होतो. अंगणात गोधडी अंथरली होती. बाळ गोधडीवरून उतरून मातीत बसले होते आणि वासराकडे टकामका बघत होते. दाराशी बादली, तांब्या आणि साबणाची वडी ठेवली होती. सून भाताची वाटी घेऊन बाहेर आली. आजी आधी उठल्या. त्यांनी नातवाचे हात धुतले, मग आपले धुतले, आणि त्याला मांडीवर घेऊन पहिला घास भरवला.